रश्मीची जुळलेली बोटे

मी, शेवंती राजाराम घाडी, वय एकोणऐंशी, राहणार नायगाव, माटुंग्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तसे धाडस या घरात कोणात नाही.

१. चाळीच्या जागी मिळणारे घर माझी सून सीमा हिला द्यावे. मुलगा अजित याने वाईट वाटून घेऊ नये. सीमा त्याला ठेवून घेईल, तेवढी ती भली आहे.

२. माझा सूक्ष्मदर्शक नात रश्मीला. मुले विचारायची, "बाई, डोळा बघण्यासाठीच बनतो का?" अंड्यात बघायला काही नाही, तरी पिल्लाचे डोळे किती लवकर मोठे होतात. हे कोणी ठरवते का, ते मला जन्मभर शिकवूनही सांगता आले नाही. बोटांचे मात्र सांगता येते. गर्भाचा हात आधी वल्ह्यासारखा असतो. मधल्या पेशी मरतात आणि बोटे सुटी होतात. रश्मीच्या डाव्या हाताच्या दोन बोटांमधल्या मेल्या नाहीत, एवढेच झाले. पुढे डॉक्टरांनी ती बोटे सोडवली.

३. जाऊबाई गंगुबाई यांना काही देऊ नये. रश्मीच्या बारशाला बाळंतीण सीमासमोर त्या म्हणाल्या, "ग्रहणात भेंडी चिरल्यान, आता भोगा." वर पोटभर जेवून गेल्या. तेवढे पुरे.

४. आता रश्मीला दिवस गेले आहेत आणि पुढच्या ग्रहणाच्या धास्तीने सीमाने विळी आत्तापासून माळ्यावर टाकली आहे. भेंडीचा काही संबंध नाही, हे मी तिला पुन्हा समजावले. ती म्हणाली, "आई, तुमचं पटतं हो मला. पण माझ्यामुळे नाही, तर मग कशामुळे? कोणाला तरी बोल लावायला नको?" मी तिला जवळ घेतले. पोटच्या पोरापेक्षा माझा तिच्यावर जास्त जीव आहे. तोंडाने म्हणायचे राहून गेले, म्हणून इथे लिहिते.

सीमा, बोल लावायला कोणी हवेच असेल, तर मला लाव. मी गेल्यावर मला काही लागणार नाही. भेंडी चिरल्याचा दोष मी माझ्याबरोबर नेत आहे. त्यावर यापुढे तुझा कसलाही हक्क अगर ताबा राहणार नाही.

सही: शेवंती राजाराम घाडी

आम्हां दोघांसमोर सही केली:
१. दीपक कोंडीराम साळवे, शेजारी
२. डॉ. मनवा पेडणेकर

नायगाव, मुंबई
१७ जानेवारी २०२६