आईच्या डोक्यावरचं पत्रं

उचगाव, ता. ९ मे १९८३

चि. आकाराम यास आक्काचा आशीर्वाद. हिकडं आमी समदी बरी हाय.

तुझं कार्ड वाचून डोस्कं फिरलं. थोरल्या लेकीला बघायला पावणं येणार म्हणून तू आईच्या खोलीवरचा उसाचा पाला काढून टिनाचं पत्रं घातलंस. आता आई दुपारी चक्कर येऊन पडली, तर मला ल्हितोस, गुरुजी म्हणालं पृथ्वी लाखो वर्सांत तापती आनि परत गार हुती, त्यात कुनाचा दोष न्हाय.

आमच्या पेपरातबी आलंय, एवढं ऊन कैक वर्सांत पडलं न्हवतं. असंल. पृथ्वी गार व्हायला लाख वर्सं लागू देत, तुझं पत्रं सकाळी धालाच तापत्यात. आई सत्तरीची हाय. ती थांबनार हाय व्हय तवर?

तिला ताक देतासा का? का ती नगं म्हणती आनि तुमी लगीच ऐकतासा?

रविवारच्या यष्टीनं मी येणार हाय. तवर पत्र्यावर जाड पाला टाक आनि त्यावर पानी मार. न्हाईतर आईला लिंबाखाली निजवीन आनि भर दुपारी तुला त्या खोलीत बसवीन. गुरुजीलाबी बोलीव.

आईच्या पायावर माझं डोस्कं. तुला वर ल्हिलेला आशीर्वाद पाला टाकल्यावरच लागू.

तुझी आक्का