ऑप्शनला टाकलेला धडा

सर,

तुम्ही फळ्यावर काढलेलं यकृत मला अजून दिसतं. विटकरी खडू, एकच रेघ, डस्टरला हात नाही. त्याच्या पोटाशी हिरवा ठिपका म्हणजे पित्ताशय, आणि तिथून निघालेली नळी लहान आतड्यात उतरलेली. इतकं सुबक चित्र आमच्या ज्युनियर कॉलेजात दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. आणि इतक्या सुबक हाताचा माणूस इतका खोटा असू शकतो, हे शिकवणारा मास्तरही मला दुसरा भेटला नाही. पुढचा धडा लसीकासंस्थेचा आणि रोगप्रतिकारशक्तीचा होता. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, पायात काटा मोडला की जांघेत अवधानाची गाठ काहून येते?" तुम्ही खडू खाली ठेवलात. "तुला डाक्टर व्हायचंय का बे? हा धडा ऑप्शनला टाका. लई मार्काचा न्हाई." वर्ग हसला. मीही हसले. जांघेतली ती गाठ म्हणजे जंतूंना अडवायला बसलेली चौकी असते, हे मला पुढे पुस्तकांनी सांगितलं.

सोमवार ते शनिवार तुम्ही जीवशास्त्र शिकवायचात आणि रविवारी स्वतःच्या अंगणात कावीळ उतरवायचात. नांदूरघाटहून, पार मांजरसुंब्याहून माणसं यायची. रोग्याला पाटावर बसवायचं, तांब्यातलं पाणी त्याच्या हातांना चोळायचं, मग वरून चुन्याची निवळी ओतायची. खालच्या पांढऱ्या घमेल्यात पाणी हळदीसारखं पिवळं पडायचं. "बघा, निघाली," एवढंच तुम्ही म्हणायचात, आणि बाया पदर डोक्यावर घेऊन तुमच्या पाया पडायच्या. पैसा घेत नव्हतात, फक्त नारळ. त्याचा तुम्हाला केवढा ताठा! पैसा घेणारा भोंदू निदान पोटासाठी खोटं बोलतो. तुम्ही नमस्कारासाठी बोलायचात. देश खुला झाला म्हणत होते, चौकात एसटीडीचा बूथ आला होता, कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली होती, आणि आमच्या गावातला सर्वांत शिकलेला माणूस घमेल्यात कावीळ दाखवत होता.

लोक बरे व्हायचे, हे खरं. पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते. पांढऱ्या पेशी रोगाला ओळखतात, लढतात, यकृत स्वतःला सावरतं, चार-सहा आठवड्यांत डोळे पांढरे होतात. म्हणजे जो धडा तुम्ही आम्हाला ऑप्शनला टाकायला लावलात, त्याच्याच जिवावर तुमचा रविवार चालायचा. झुंज रोग्याच्या रक्तात व्हायची आणि नारळ तुमच्या ओसरीवर फुटायचा. हे वाक्य मी भाषणात म्हणते तेव्हा टाळ्या पडतात.

माझ्या वहिनीला सातवा महिना होता. भर उन्हाळा, गावाला टँकरचं पाणी. आधी तिला फोडणीचा वास सोसेना, मग अंगाला खाज सुटली, मग डोळे पिवळे. दादा म्हणाला बीडला नेऊ. आई म्हणाली, "बीडला कशाला? सर काय अडाणी हायत का? सायन्सचे हायत, खोटं कशापायी बोलतील?" दुसऱ्या कुणा भगताकडे आईने तिला कधीच नेलं नसतं. आमच्या घरात गंडेदोरे चालत नव्हते. तुमच्याकडे नेलं ते तुम्ही मास्तर होता म्हणून. पहिल्या रविवारी वहिनी हसत परतली. "ताई, तुमच्या सरांनी माझ्या अंगातलं समदं पिवळं काढलं. आता तुमच्या भावाच्या अंगातला आळस काढाया सांगा की!" तुम्ही पथ्य सांगितलं होतं, पिवळं काही खायचं नाही. हळद बंद, तुरीचं वरण बंद. पित्ताचा रंग कुठून येतो हे आम्हाला घोकायला लावणारा माणूस सात महिन्यांच्या पोटुशीला हळद सोडायला सांगत होता.

दुसऱ्या रविवारनंतरचा मंगळवार. प्रयोगशाळेत मी काचपट्ट्या घ्यायला तुमचं कपाट उघडलं. मागे एक चंचुपात्र होतं, त्यावर तुमच्या अक्षरात 'आयोडीन' लिहिलेलं, आणि आत आंब्याच्या झाडाची साल भिजत पडलेली. ते उचलताना पाणी माझ्या बोटांवर सांडलं. टेबलावर श्वसनाच्या प्रयोगासाठी चुन्याची निवळी ठेवलेली होती, घाईत मी बोटं तिच्यातच बुडवली. बोटं पिवळी झाली. मला कावीळ नव्हती, सर. मी वर पाहिलं तर तुम्ही दारात उभे. ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "पोरी, लोकांचा इस्वास हाय. इस्वासानं निम्मी कावीळ जाती." उरलेली निम्मी कुठे जाते, असं मी विचारलं नाही. मग टॉवेल पुढे करत म्हणालात, "शुक्रवारी प्रॅक्टिकल हाय ना तुजं? बघू." त्या 'बघू'ला धमकी म्हणायचं की आशीर्वाद, हे मी इतकी वर्षं ठरवते आहे. तुम्हाला ते ठरवावं लागत नव्हतं, हीच तुमची हुशारी.

तिसऱ्या रविवारी आई वहिनीला पुन्हा घेऊन आली. घमेलं पुन्हा पिवळं झालं. बुधवारी वहिनी भर दुपारी झोपेतून उठेना, उठली तर असंबद्ध बोलायला लागली, मला स्वतःची आई समजली. जीप करून निघालो. मांजरसुंब्याच्या फाट्यावर गाडीत पाणी भरायला थांबलो. ढाब्यावर लग्नाची गाणी लागली होती आणि दादा ओल्या रुमालाने तिचे ओठ पुसत होता. बीडच्या दवाखान्यात नर्स ओरडली, "इतके दिवस कुठं होता?" आणि माझा भाऊ ताठ मानेने म्हणाला, "उपचार चालू होता. सायन्सच्या सरांचा." दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गेली. पोटातलं बाळ तिच्याबरोबरच.

तुम्ही भेटायला आलात. स्वच्छ धोतर, हातात टोपी. आईसमोर बसून म्हणालात, "पथ्य मोडलं असंल." तीन शब्द, सर. आईने डोक्याला हात लावला. एका दुपारी वहिनीने तुरीचं वरण मागितलं होतं, चिमूटभर हळद घातलेलं, आणि आईने तिला वाटीभर दिलं होतं.

काही वर्षांनी तुमचे स्वतःचे डोळे पिवळे झाले. पित्ताशयातला खडा नळीत अडकला होता, तीच फळ्यावरची हिरवी नळी. तुम्ही तांब्या मागितला नाहीत, घमेलं मागितलं नाहीत. त्याच दिवशी औरंगाबादला जाऊन ऑपरेशन करून घेतलंत आणि त्यानंतरही बरीच वर्षं खाऊनपिऊन जगलात. तुमच्या शोकसभेत तुम्हाला विज्ञाननिष्ठ म्हणाले. मी बाहेर उभी होते. थुंकावंसं वाटलं, थुंकले नाही.

आता मी गावोगाव बोलते. स्टेजवर घमेलं ठेवते, आंब्याच्या सालीचं पाणी हाताला चोळते, चुना ओतते, आणि पिवळे हात लोकांपुढे धरते. मग वहिनीची गोष्ट सांगते. त्यात मी म्हणते, "ही लबाडी मला पुढे शिकल्यावर कळली." हे खोटं आहे. मंगळवारी कळली होती, तिसरा रविवार यायचा होता. प्रॅक्टिकलला तुम्ही मला पैकीच्या पैकी दिलेत, आणि मी ते घेतले.

आणखी एक. शंभर गावांत केलेलं हे भाषण मी आमच्या गावात कधी केलं नाही. तिथे आई पहिल्या रांगेत बसेल. ती अजून आहे. त्या दिवसापासून आमच्या घरात वरणाला हळद पडलेली नाही. एका वाक्यात मी तिला सोडवू शकते; पण त्या वाक्यानंतर ती विचारील, "तुला कवा कळलं?"

मघाशी ती दारातून म्हणाली, "काय लिहितीस गं एवढं?" मी म्हटलं, "सभेचं." तिने ताट वाढलं. वरण पांढरं होतं. मी आणखी एक वाटी मागून घेतली.