रथाच्या दुसऱ्या दिवशीचं माप

आबा, आज पहाटे मी रस्ता पुन्हा मोजला. काल अंबाबाईचा रथ त्याच वाटेनं गेला. तुम्ही जाऊन दहा वर्षं झाली, आणि या दहा वर्षांत रथाच्या दुसऱ्या दिवशी फीत घेऊन त्या रस्त्यावर मी एकदाही उतरलो नव्हतो. आज उतरलो, कारण उद्या सकाळी रस्ता रुंद करायला पहारी घेऊन गडी येणार आहेत आणि पहिली पहार तुमच्या घराला, काकींच्या रस्त्याकडच्या सोप्याच्या भिंतीला लागणार आहे. त्या भिंतीवरची गेरूची खूण माझ्या हातची आहे.

मी मोजणीच्या कचेरीत तुमच्या हाताखाली आलो तेव्हा पस्तिशी ओलांडली होती. कोडोलीच्या शाळेत शिकलो आणि पुढं खेड्यापाड्यांतून शेतं मोजत हिंडलो. बांध आणि हद्दीचा दगड, एवढंच मला कळत होतं. पहिल्याच दिवशी तुम्ही मला देवळाकडून निघणाऱ्या मोठ्या रस्त्यावर उभं केलंत आणि विचारलंत, हा गावाचा मोठा रस्ता, तर मोठा कशानं? मी म्हणालो, रुंदीनं. तुम्ही मला मागच्या गल्लीत नेऊन तिची रुंदी घ्यायला लावलीत. ती दोन फूट जास्त भरली. मग मी म्हणालो, दुकानांनी.  तुम्ही पानवाल्याच्या फळीवर बसलात आणि मला दुपारपर्यंत तिथंच उभं राहायला सांगितलंत. मी उभा आहे. गुळाच्या गाड्या जातात. गवळी म्हैस दारात उभी करून धार काढतो आणि गिऱ्हाईक तिथंच पेला तोंडाला लावतं. दहाच्या सुमारास एक वरात आली, ताशा वाजत होता. समोरून तिरडी आली तसा ताशा आपोआप थांबला, घोडा कडेला गेला, नवऱ्या मुलानं घोड्यावरूनच हात जोडले. तिरडी पुढं गेली, ताशा पुन्हा सुरू झाला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. मागच्या गल्लीतून ना वरात जात होती ना तिरडी. तुम्ही फळीवरून माझ्याकडं बघत होतात. मला काहीतरी दिसलं होतं, पण ते शब्दांत सांगता येत नव्हतं.

ते कळलं चैत्रात. रथाच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तुम्ही मला बोलावून घेतलंत. रस्त्यावर रांगोळ्या फिसकटलेल्या, जोतिबाहून आलेल्या लोकांच्या पायांचा गुलाल पसरलेला, मधोमध रथाच्या चाकांच्या दोन रेघा. आणि रस्ता ओळखू येईना इतका मोकळा. एरवी प्रत्येक दुकानापुढं फळ्यांचा कट्टा असतो, त्यावर पोती, त्यावर पत्र्याची झडप. भिंतीचा पाया कुणाला दिसत नाही. रथाला वाट पाहिजे म्हणून आदल्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या हातानं सगळं आत ओढून घेतलेलं होतं. तुम्ही फितीचं टोक माझ्या हातात दिलंत.

"हे खरं माप," तुम्ही म्हणालात. "वर्षभर भांडत्यात, तुझी फळी पुढं, माझी फळी मागं. आज कुनी भांडतंय का बघ. देवीसाठी जेवढं मागं सरलं, तेवढा रस्ता. बाकीच्या दिवशी मापशील तर दुकान मापशील."

त्या दिवशी पंचवीस फूट भरले. दर वर्षी तेवढेच भरायचे. तुमच्या हातची नोंदवही मी नंतर पाहिली, प्रत्येक चैत्रात एक ओळ, तोच आकडा. तेव्हापासून माझ्या मनात बसलं आहे की रस्ता मोठा असतो तो त्याच्यापुढं लोक मागं सरतात म्हणून. मागच्या गल्लीत दोन फूट जास्त होते, पण तिथं कुणी कुणासाठी सरत नव्हतं.

त्याच वर्षीची दुसरी गोष्टही आठवते. जेवणाच्या सुट्टीत मी कचेरीच्या कागदावर घरी पत्र लिहीत होतो. तुम्ही मागून आलात, कागद उचललात, चार तुकडे केलेत. सगळे कारकून बघत होते. "कचेरीच्या कागदावर घरचं लिवायचं न्हाई," एवढंच म्हणालात आणि मला घरी घेऊन गेलात. काकींनी स्वयंपाकघरात पाट मांडला. भाकरी, झुणका, खर्डा. मी मान खाली घालून जेवत होतो. काकी म्हणाल्या, ह्यांनी तुला रडवलं वाटतं, घे अजून एक चतकोर. निघताना तुम्ही तुमच्या पेटीतले दोन कोरे कागद माझ्या हातात दिलेत. संस्थान विलीन झालं त्या वर्षी, अंथरुणावरून, तुम्ही तशीच तुमची फीत दिलीत, चामड्याच्या डबीतली, पितळी कडीची. बोलायची ताकद नव्हती. 

आता जे सांगायचं त्याला उगीच इतका वेळ लावला.

एसटीच्या गाड्या वाढल्या. कचेरीला हुकूम आला की मोठ्या रस्त्याची रुंदी जिथं चोवीस फुटांपेक्षा कमी असेल तिथं दोन्ही अंगांची घरं मागं घ्यायची. माप घ्यायचं काम माझ्याकडं आलं. तेव्हा माघ महिना होता. साहेब नवे, पण माणूस सरळ. म्हणाले, घाई नाही, आकडा पक्का पाहिजे, दोन महिने लागले तरी चालतील. दोन महिन्यांनी चैत्र येत होता. रथापर्यंत थांबू असं सांगायला मी तोंड उघडणार तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे कारकून हसत म्हणाले, "पावणं, आबांच्या दारात फीत जरा ताणून धरा की. न्हायतर तिथंच सैल पडायची." फीत सैल पडली की रस्ता जास्त भरतो. सगळे हसले. मीही हसलो. बारा वर्षं या गावात राहून मी अजून पावणाच, आणि तुमच्या घरचं मीठ खाल्लेला पावणा.

दुसऱ्याच दिवशी मी फीत घेऊन बाहेर पडलो. फळीपासून फळीपर्यंत धरली. काकींच्या घरासमोर बावीस भरले. मी बावीस लिहिले. माप कसं घेतलं ते लिहायला कागदावर रकाना आहे. त्यात मी 'प्रत्यक्ष' असा शब्द लिहिला. त्याला कुणी खोटं म्हणू शकणार नाही.

खुणा करायला मीच गेलो. काकी आता त्या सोप्यातच बसतात, फुलवाती वळतात, देवळात जाणाऱ्या बाया घेऊन जातात. त्यांचं पोट त्यावर आहे. सोपा गेला तर मागं एकटी चूल उरते. मी गेरूचं भांडं घेऊन दारात उभा राहिलो तर म्हणाल्या, थांब, एवढी वात हुंदे. वात झाली. परडी उचलून त्या बाजूला झाल्या, मी भिंतीवर रेघ ओढली. रेघ बघून म्हणाल्या, "त्यांच्याच फितीनं मापलंस न्हवं?" मी हो म्हणालो. "मग असंल बरोबर." आणि आत जाऊन ताक घेऊन आल्या. ते मी उभ्यानं प्यालो. त्या ओळीत अकरा घरं आहेत, आबा. मला लाज वाटते ती याची की अकरांतलं मला एकच घर दिसत होतं, आणि ते दिसत होतं म्हणूनच बाकीच्या दहांवरही मी रेघ ओढली.

गेले दोन महिने रोज पहाटे देवळात जातो. हात जोडतो आणि काही मागता येत नाही. काल रथ आला. दोर ओढणाऱ्यांच्या मागं मी चालत होतो. काकींच्या घरापाशी रथ किंचित वळतो, तुम्हाला माहीत आहे. तिथं चाकाच्या दोन्ही अंगांना माणसं उभी होती, भिंतीला पाठ लावून, मुलं खांद्यावर घेऊन, आणि तरी वाट उरत होती. बावीस फुटांत ते होत नाही. मला फीत लागली नाही.

तरी आज पहाटे फीत घेऊन गेलो. एकटा. अर्धा रस्ता गेल्यावर ध्यानात आलं की दुसरं टोक धरायला कुणी नाही. तेवढ्यात काकींचं दार वाजलं. सडा टाकायला आल्या होत्या. मला बघितलं, हातातली बादली खाली ठेवली, जवळ येऊन फितीची कडी घेतली आणि जाऊन आपल्या भिंतीच्या पायाला टेकवून धरली, अगदी जमिनीलगत. इतकी वर्षं तुम्हाला बघत आल्या असतील. मी पलीकडं गेलो. रस्त्यात गुलाल होता, फीत त्यावर पडली आणि गुलाबी झाली. पंचवीस. मी पुन्हा वाचलं. वाकायला त्यांना जड जात होतं, पण सोडत नव्हत्या.

"किती आलं रं?" त्यांनी तिकडून विचारलं.

मी फीत गुंडाळायला लागलो. म्हणालो, "बघून सांगतो, काकी."

 त्यांनी कडी माझ्या हातात आणून दिली आणि बादली उचलली.

आज कचेरी बंद आहे. साहेब संध्याकाळपर्यंत बंगल्यावर असतात, मग कुरुंदवाडला जाणार आहेत. त्याआधी कागद त्यांच्या हातात पडला तर गडी थांबतील. नुसता आकडा बदलून भागणार नाही, आधीचा कसा आला तेही लिहावं लागेल, की रथाचं माप मला ठाऊक होतं आणि कुणी हसू नये म्हणून मी ते घेतलं नाही. पेन्शनीला थोडी वर्षं उरली आहेत. कारकून मंडळी आता म्हणतील, बघा, शेवटी सैल पडलीच. म्हणू देत असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. मला अजूनही भीती वाटते. ऊन ओसरीवरून उतरायला लागलं आहे.

तो कागद लिहायला म्हणून बसलो होतो. त्याऐवजी हे लिहीत गेलो. टाकायला पेटी नाही आणि पत्ताही नाही. जाताना हे काकींच्या चुलीत घालीन, आणि आकडा साहेबांच्या आधी त्यांना सांगीन.

एक कबूल करतो. हे कागद कचेरीचे आहेत, आबा. काल पाच घेऊन आलो, चार तुमच्यावर भरले. पाचवा कोरा आहे. त्यावर घरचं काही लिहीत नाही.