कॅमेरा दाराबाहेरच राहतो

गुरुवार, दुपार

प्रिय मेन्ना,

पोरांचा निकाल शेवटी सांगणार आहे. पान उलटून शेवट आधी वाचायची तुझी खोड मला माहीत आहे, म्हणून आधीच बजावते, निमूटपणे इथूनच सुरुवात कर. ईस्टरपासून तू फोन उचलत नाहीस. मी दोनदा येऊन दार वाजवलं, तर पडदा हलला, पण दार काही उघडलं नाही. खिडकीतल्या झाडांना मात्र वेळच्या वेळी पाणी मिळतं, तेव्हा तू धडधाकट आहेस एवढं कळतं. राग आला होता मला. अजूनही आहे थोडा. पण आज रागवायला सवड नाही.

तू निघून गेल्यावर पुढे काय झालं ते तुला कुणी सांगितलेलं नसणार. कार्डिफच्या शिक्षक-बैठकीहून तू परत आलीस ती पांढरीफटक होऊन. कोटही न काढता सगळ्यांसमोर म्हणालीस, "पोरांना मी दोन वर्षं जो सिनेमा शिकवला, तो यंदाच्या परीक्षेतून काढलाय. आणि मला पत्ताच नाही." मग राजीनामा टेबलावर ठेवलास आणि गेलीस. प्रॉसर बराच वेळ छताकडे बघत बसला. मुख्याध्यापक झाल्यापासून त्याला दुसरं काही जमलंय का? मग म्हणाला, "यंदा निकाल घसरला तर सिनेमा हा विषयच बंद. तसंही सिनेमा बघायला शाळेत कशाला यायचं?" आणि उरलेले आठवडे वर्ग कोण घेणार, असं त्याने विचारल्यावर सगळे आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले. मीही बघत होते, पण माझा कप रिकामा होता, त्यामुळे मी सापडले. मी, भूगोलाची बाई, जी सिनेमाला गेली की पहिल्या अर्ध्या तासात घोरायला लागते. तू साक्षीदार आहेस.

नवा सिनेमा बंदरावरच्या दोन बहिणींचा. बाप गेल्यावर मासळीचं दुकान कोण चालवणार, यावरून त्यांचं फाटतं. मी झोपले नाही, याचं श्रेय मला मिळायला हवं. पण सिनेमा बघणं वेगळं आणि परीक्षेत तो समोर नसताना डोक्यातून लिहिणं वेगळं. पहिल्या सरावात आपल्या गेथिनने पानंच्या पानं लिहिली. बापाच्या मरणापासून शेवटच्या बोटीपर्यंत सगळी गोष्ट, काही म्हणता काही सुटलं नाही. मला ते इतकं आवडलं की मी पूर्ण गुण देऊन टाकले. तेव्हा सेरेन हळूच जवळ आली. दोन वर्षांत तिचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता. म्हणाली, "मिस, तुम्ही गोष्टीला मार्क दिलेत. गोष्ट तपासणाऱ्यांना ठाऊकच असते. ती दाखवलीय कशी, ते लिहायचं असतं. मेन्ना मिस तर प्रत्येक वाक्याला 'बरं, मग?' म्हणायच्या." मी कपाळावर हात मारला आणि लाल पेन सेरेनच्या हातात दिलं.

पण वेळ कुठे होता? जुना सिनेमा पोरांच्या अंगात दोन वर्षांत मुरला होता. हा काही आठवड्यांत कसा मुरणार? युक्ती सेरेनचीच. आपल्या खोऱ्यातलं कुठलंही पोर उठवून उभं करा, आयस्टेथवडच्या वेल्श कवितांच्या स्पर्धेत म्हटलेली कविता ते झोपेतही म्हणून दाखवेल. "मग शॉटसुद्धा तसेच पाठ करू," ती म्हणाली, "स्टेजवर उभं राहून, हातवारे करून, आणि वर परीक्षकही बसवू." शाळेचा हॉल मिळेना, म्हणून आम्ही चॅपलमागची खोली घेतली. तिथे मंगळवारी बायका विणायला बसतात. त्यांनी उठून जायला साफ नकार दिला, त्यामुळे परीक्षकांचा प्रश्न आपोआप सुटला.

मेन्ना, तू हवी होतीस गं तिथे. तो रग्बीचा आडदांड गेथिन, कान लालबुंद झालेले, छाती पुढे काढून उभा. "पहिला शॉट. दुकान. सकाळ. कॅमेरा खाली, बर्फाच्या पेटीपाशी. उजेड एकाच बाजूने." त्याने अख्खा प्रसंग एका दमात म्हणून दाखवला आणि लवून नमस्कारही केला. मग सेरेनची आजी उठली. अख्खं गाव जिला मॅमगी म्हणतं, ती. स्पर्धेच्या परीक्षकाचा तो खास सूर तुला माहीत आहे, आधी साखर आणि मग सुरी. "आवाज खणखणीत, पोरा. उभा राहतोस झकास. तुझ्या आजोबांची आठवण झाली. पण मला कळलं काय? मोठी बहीण आत जाते आणि दार लावून घेते. बरं, मग?" हे तिला सेरेनने शिकवलं होतं, हे उघड होतं. गेथिन पार गडबडला. "मग... काही नाही, मॅमगी, दार लागतं." "ते माझंही लागतं रोज. मग?" बायका खिदळल्या. मला वाटलं, हा आता निघून जातोय. पण तो डोळे मिटून तसाच उभा राहिला, आणि म्हणाला, "मग कॅमेरा आत जात नाही. दार आपल्या तोंडावर बंद होतं. ती आत रडतेय की नाही, ते आपल्याला दिसतच नाही. धाकटी बहीण बाहेर उभी आहे ना, आपणही तिच्याबरोबर बाहेरच राहतो." मॅमगीची विणकाम करणारी मैत्रीण डोळे पुसायला लागली आणि मॅमगी म्हणाली, "हं. आता बस. केक घे."

त्या दिवसापासून गाडी रुळावर आली. पोरं बसमध्ये शॉट म्हणत, रग्बीच्या मैदानावर म्हणत, आणि कुणी नुसती गोष्ट सांगायला लागलं की बाकीचे एका सुरात ओरडत, "बरं, मग?" मी यात काय केलं? चहा केला. खोटं वाटेल, पण खरंच तेवढंच. बाकी सगळं त्यांच्यात आधीपासून होतं. तो जुना सिनेमा गेला, पण त्याच्यावर तू त्यांना जे बघायला शिकवलंस, ते कुठे गेलं नव्हतं. हे तुझ्या दारावर उभं राहून ओरडून सांगावंसं मला तेव्हाच वाटत होतं. पण परीक्षा व्हायची होती, आणि उगाच आशा लावायची हिंमत माझ्यात नव्हती.

पेपरच्या दिवशी येरझाऱ्या मीच घालत होते. खिडकीतून बघितलं तर नऊच्या नऊ जणांचे ओठ हलत होते. गणिताचे सर पहारा देत होते, त्यांना वाटलं सामुदायिक प्रार्थना चाललीय. सेरेनने जादा कागद मागितला तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात चक्क उडी मारली. आणि गेथिन बाहेर आला तो धावतच. "मिस! दार आलं! सिनेमा बघणाऱ्याला कुठे उभं करतो, असंच विचारलंय! मी दारावर तीन पानं लिहिली!" मी म्हटलं, "गोष्ट नाही ना सांगितलीस?" तर मलाच म्हणतो, "बरं, मग?"

आता निकाल. नऊपैकी नऊ पास, मेन्ना. गेथिनला अ. कार्डिफच्या विद्यापीठातली त्याची जागा पक्की. आणि सेरेनला त्याच्याही वरची श्रेणी, शाळेत यंदा कुठल्याही विषयात तेवढी दुसऱ्या कुणालाही नाही. प्रॉसर सकाळी हॉलमध्ये आला, कागद बघितला, चष्मा पुसला, परत बघितला. मॅमगीने तव्यावरचे ताजे केक त्याच्यापुढे धरले आणि विचारलं, "सिनेमा बघायला शाळेत कशाला यायचं म्हणे?" बिचाऱ्याच्या तोंडात केक होता, हे त्याचं नशीब. गिळून झाल्यावर त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, वर्ग चालू राहणार. मी लहान पोरीसारखी रडले. लाज नाही वाटली.

मग त्याने मला विचारलं, सप्टेंबरपासून मीच घेणार ना? मी तोंडावर नाही म्हणून सांगितलं. तुझा राजीनामा त्याने अजून पुढे पाठवलेलाच नाही. आळसाचा इतका उपयोग होताना मी पहिल्यांदाच बघितला. तू दोन वर्षं वाया घालवलीस, असं तुला घरात बसून वाटतंय, मला ठाऊक आहे. ती वाया गेलेली दोन वर्षं आत्ता माझ्या शेजारी चॅपलच्या पायऱ्यांवर बसून केक खातायत आणि मी काय लिहितेय ते डोकावून बघतायत. हे पत्र टपालाचं नाही. लिहून झालं की आम्ही सगळे टेकडी चढून येणार आणि मी ते तुझ्या दाराच्या फटीतून आत ढकलणार. म्हणजे तू हे वाचत असताना आम्ही पायरीवर आहोत. मी, ही नऊ पोरं आणि मॅमगी, जिला फार वेळ उभं राहवत नाही. दार बंद आहे, आणि आम्ही सगळे बाहेर.

बरं, मग?

तुझीच, दाराबाहेरची,
डेलिथ