लाल डोळ्यांची आई

कोल्हापूर,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय आक्का,

पाया पडते. ज्ञानूदाजींची कंबर आता कशी आहे? भाताची मळणी उरकली, की माणसं मिळेनात? इकडं मी ठीक आहे. घरमालकांनी पाण्याची टाकी धुऊन घेतली, त्यामुळं सकाळची धावपळ जरा कमी झालीय.

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. शिवाय डॉक्टरांनी मोबाइलकडं बघणं कमी करायला सांगितलंय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी. काळजी करू नकोस, आंधळी होत नाही मी.

डोळे कोरडे पडलेत. आयसीयूत पेशंटच्या घशातली नळी साफ करायची म्हणजे आजही मास्क, गॉगल, वरून तोंडावर प्लास्टिकची शील्ड. मास्क नाकावर नीट बसला नाही, की आपलाच श्वास वरच्या कडेनं डोळ्यांवर येत राहतो आणि डोळ्यांतलं पाणी सुकवतो. मी आपली कचरा गेलाय समजून डोळे चोळत होते. डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसवलं. निदान दहा मिलिमीटर भिजायला हवी होती म्हणे. माझी तीनच भिजली.

"सिस्टर, किती दिवस अंगावर काढलंत?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, दोन-तीन महिने. खोटं बोलले. कोरोनापासूनचं दुखणं आहे ते.

आणि मी आपण होऊन तपासायला गेले, असंही नाही. मागच्या मंगळवारी इंजेक्शनच्या बाटलीवरचं नाव धूसर दिसलं. मी औषध सिरिंजमध्ये भरून घेतलंसुद्धा. आमच्या आयसीयूतली आया, बायडामावशी, वाचायला शिकलेली नाही, पण टोपणांचे रंग तिला पाठ आहेत. ती म्हणाली, "बाई, रोज तर निळ्या टोपणाची घेताय की." हातातली लाल होती. पेशंटला काही झालं नाही. भरलेली सिरिंज मी तिथंच टाकून दिली. मग मीच मेट्रनबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी आयसीयूतून काढून ओपीडीत टाकलंय, आणि त्याआधी पंधरा दिवसांची रजा दिलीय.

आता जूनचं सांगते.

अनुजाचे बाबा गेल्यावर मला नोकरी सोडता येण्यासारखी नव्हती. कोरोना आला तेव्हा तूच म्हणालीस, "आण तिला हिकडं, शाहूवाडीला. माझ्यात काय कमी हाय?" तीन वर्षांची पोर तुझ्या कडेवर दिली आणि आठ महिन्यांनी भेटायला आले. नाकावर गॉगलची जखम होती, डोळे लालभडक. ती किंचाळून तुझ्या पदरात शिरली. तू हसून म्हणालीस, "आगं, आई हाय तुझी." ती बाहेर आली नाही. तेव्हापासून दरवर्षी मी म्हणत आले, पुढच्या जूनला नेते. दर वेळी ड्यूटी आडवी आली असं सांगितलं. आक्का, ड्यूट्या मी मागून घेत होते.

या जूनला तू तिची पिशवी भरून ठेवलीस. मी आले नाही. "पोरगी दोन दिवस पिशवी खाली ठेवंना," तू फोनवर म्हणालीस, "तुला पोर नकोच आसंल तर तसं सांग." त्यानंतर तू बोलली नाहीस.

मी आले होते. सकाळच्या एसटीनं. गोठ्याच्या मागच्या वाटेनं आले, म्हटलं तिच्यासमोर एकदम उभी राहीन. तू सोप्यात तिची वेणी घालत होतीस. ती म्हणाली, "आई, मी न्हाय जायाची. तिचं डोळं लाल हाईत, मला भ्या वाटतंय." तुला आई म्हणाली. तू काहीतरी समजावत होतीस, ते मी ऐकायला थांबले नाही. उलट्या पावली फाट्यावर आले आणि मिळाली त्या गाडीत बसले. ती नंतर दोन दिवस पिशवी धरून बसेल, हे मला कुठं माहीत होतं? माझी वाट बघत होती ना ती? की मी यायच्या भीतीनं बसली होती? हे तुलाच ठाऊक असेल. मला विचारायचा धीर झाला नाही.

तिचा राग आला नाही. तुझा आला, दोन-चार दिवस. पाच वर्षं तिचा ताप, दात, अक्षरं सगळं तू काढलंस, आणि राग मी तुझ्यावर धरला. माफ कर.

आता दर दोन तासांनी थेंब घालते. तांबडेपणा जरा उतरलाय, पुरता जायला महिने लागतील म्हणतात. पण तोवर थांबायचं नाही असं ठरवलंय. येत्या रविवारी येते. तिला न्यायला नाही. रजा आहे तोवर तुमच्यात राहते, मळणीला हात लावते. ती जवळ आली नाही तरी तिला पुढं ढकलू नकोस. तुला आई म्हणते, ते म्हणू दे. मी चुलीशी बसेन, तुला भाकरी थापून देईन आणि तिचं बोलणं ऐकेन. कुठल्या शब्दावर हसते, कशावर रुसते, मला काहीच ठाऊक नाही गं. पुढं काय करायचं ते तिला विचारूनच ठरवू.

रविवारी कोण येणार आहे असं तिनं विचारलं, तर काय सांगायचं ते तुझ्यावर सोडते.

तुझी धाकटी,
वैजू