न वाचता म्हटलेल्या ओकेची हकीकत

मु. पो. देऊळघाट
बुधवार, दुपारचं जेवण झाल्यावर

प्रिय कलीमभाई,

जय भीम आणि सलाम, दोन्ही एकाच पाकिटात घालून पाठवतो आहे.

आधी तुझ्या गुडघ्यांची चौकशी करतो, मग तुझी. डोणगावच्या नव्या दुकानात मोटरवर चालणारं शिलाई मशीन घेतलंस, पाय मारावे लागत नाहीत, तरी गुडघे दुखतातच असं समता सांगत होती. (बरोबरच आहे. आयुष्यभर पळवलेल्या पायांना एकदम रिकामं बसवलं तर ते कुरकुरणारच. सायकल सुटल्यापासून माझ्याही पोटऱ्या ठणकतात.) अमीनाभाभींची शुगर कशी आहे? त्या चहात साखर घालत नाहीत, पण चहासोबत बालूशाही खातात, अशी पक्की बातमी माझ्यापर्यंत आलेली आहे. कुणी दिली ते विचारू नकोस, टपाल खात्यात तोंड बंद ठेवायची शिस्त असते. आमच्याकडे सगळं ठीक, म्हणजे ठीकपेक्षा बरंच जास्त झालं आहे, आणि तेच सांगायला हे पत्र. फोनवर सांगता आलं असतं, पण तू दुसऱ्याच वाक्याला हसायला लागतोस आणि मग मूळ विषय राहून जातो. पत्राचं बरं असतं. तू कितीही हस, माझं वाक्य तुटत नाही.

तर मी रिटायर झालो तेव्हा समतानं मला तो मोठा फोन आणून दिला, हे तुला माहीत आहे. देताना तिनं एकच गोष्ट शिकवली. म्हणाली, बाबा, कुणाचाही मेसेज आला की तो मिळाला हे समोरच्याला कळलं पाहिजे. काही सुचलं नाही तर निदान ओके तरी लिहायचं. मला हे एकदम पटलं. ही तर आपली पोच! तेहतीस वर्षं मी रजिस्टर देऊन लोकांच्या सह्या आणि अंगठे घेतले, ते दुसरं काय होतं? म्हणून मी त्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येक मेसेजला इमानेइतबारे ओकेची पोच देऊ लागलो. आता राहिलं वाचायचं. तू माझ्या ऑफिसशेजारी दुकान लावून बसायचास, तुला माझा नियम ठाऊक आहे. माझ्या पिशवीत हजारो पोस्टकार्डं उघडी पडलेली असायची, पण पत्त्याच्या पलीकडे माझी नजर कधी गेली नाही. ज्याला वाचता येत नसे त्यानं ओट्यावर बसवून वाचायला लावलं तरच वाचायचं (तेव्हा मात्र रडण्याच्या जागी आवाज खाली आणून, हसण्याच्या जागी हसून), आणि उठताना ते तिथंच ठेवून यायचं. मग गावाच्या ग्रुपवर दोनशे माणसं दिवसभर एकमेकांना लिहितात, त्यातल्या एकावरही माझं नाव नाही, ते मी का वाचावं? मिळालं, पोच दिली, विषय संपला.

विषय संपत नाही, कलीमभाई. तिथूनच तो सुरू होतो. पहिल्याच महिन्यात मी शाळेच्या वेशभूषा स्पर्धेचा परीक्षक झालो, कारण कुणी तरी ग्रुपवर 'येणार का' विचारलं होतं आणि सगळ्यात आधी पोच माझी. तिथं सात पोरं शेतकरी होऊन आली होती आणि एक पोस्टमन होऊन आलं होतं, पहिला नंबर कुणाला गेला ते सांगायला नको. मग विहारात गाणाऱ्यांच्या पथकात माझं नाव लागलं. (पहिल्या सरावानंतर त्यांनीच ते काढलं.) सर्वात वाईट झालं ते मनकर्णाबाईंचं. त्यांची म्हैस गेली. दोन्ही वेळची दुभती म्हैस. बाईंनी नातवाकडून ग्रुपवर दुःखाचा मजकूर टाकला आणि त्याखाली सहाव्या मिनिटाला मी: ओके. आठ दिवस त्या माझ्या दारावरून तोंड फिरवून जात होत्या आणि मी सिंधूला विचारत होतो, की या बाईच्या मानेला काय झालं.

एवढं झाल्यावर मी या शब्दाचा थोडा अभ्यास केला. शब्द गोऱ्या साहेबाचा, पण आपल्याकडे त्याला जेवढी कामं पडतात तेवढी साहेबाकडे पडत नसतील. डॉक्टर रिपोर्ट बघून ओके म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ, पुढच्या पेशंटला पाठवा. बँकेतली बाई ओके म्हणते म्हणजे उद्या या. ट्रक मागे घेणाऱ्याला क्लीनर 'ओके, ओके, ओके' म्हणत राहतो आणि शेवटच्या ओकेला मागची भिंत पडते. आमची सिंधू एरवी दहा वाक्यं बोलते. ती नुसतं ओके म्हणाली की मी मुकाट्यानं माझं ताट उचलून घासून ठेवतो. आणि समता घाईत असली की फक्त 'के' लिहिते. अगं, एका अक्षराची कसली काटकसर? आमच्या काळात लोक पोस्टकार्ड भरलं की समासात उभं लिहायचे, तोही भरला की पत्त्याच्या कडेनं 'गाय व्याली, कालवड झाली' एवढं तरी दाबून बसवायचे. त्या एका ओळीसाठी मी त्यांना मनातल्या मनात शाबासकी द्यायचो.

पण माझ्या जिव्हारी लागलेला ओके या सगळ्यांहून जुना, चौदा वर्षांचा आहे, आणि तो मोताळ्याच्या पंजाबरावचा आहे. तुला आठवत असेल, बहिणीच्या लग्नात रोडगे आणि वांग्याची भाजी मी स्वतः केली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा जगरा मीच लावला, रोडगे मीच भाजले, तूप मीच सोडलं. मांडवात येणारा जाणारा बोटं चाटत होता. शेवटच्या पंगतीत हा पंजाबराव बसलेला. चार माणसांसमोर मी कौतुकानं विचारलं, भाजी कशी झाली? तर हा गडी पानावरून मान वर न करता म्हणाला, "ओके." वाईट म्हणाला असता तर भांडता आलं असतं, चांगली म्हणाला असता तर छाती फुगली असती. ओके! जशी काही भाजी नाही, तर शिक्का मारून परत पाठवायचं पाकीट होतं. त्या दिवसापासून मी मोताळ्याच्या बाजारालासुद्धा गेलो नाही. स्टँडवर तो दिसला की मी गाड्यांचं वेळापत्रक वाचत उभा राहायचो.

आता गेल्या रविवारचं ऐक. सकाळी मी घरासमोरच्या पाण्याच्या टाकीवर होतो. (टाकी धुवायला कोण चढणार, असं ग्रुपवर विचारलं होतं. एकसष्टाव्या वर्षी, खराटा घेऊन, आतून शेवाळ खरवडत. लोक खाली उभे राहून कौतुक करत होते, मदतीला मात्र एकही वर आला नाही.) मी मान बाहेर काढली तर आमच्या दारासमोर एक जीप थांबलेली. त्यातून माणसं उतरतच होती, एकूण नऊ. बायकांच्या हातात पेढ्यांचे खोके, साडीची पिशवी. आणि शेवटी, पांढरा शर्ट घातलेला, पंजाबराव! मी वरूनच ओरडलो, "हे काऊन आले इथं?" तशी सिंधू अंगणात आली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "अवो, सोयरीक घेऊन आले! तुमीच तं ओके केलं!"

ऐकतोस ना? प्रकार असा होता, की मेहकरच्या दवाखान्यात आपली समता नर्स आहे, तिथंच रक्त तपासणारा संघपाल नावाचा मुलगा आहे, आणि तो या पंजाबरावचा मुलगा. दोघांचं दोन वर्षांपासून जमलेलं. पण बाबांना सांगायचं कसं? मोताळा म्हटलं तरी बाबा ताटावरून उठतात. शेवटी तिनं धीर करून पंधरा दिवसांपूर्वी मला मेसेज लिहिला. ती रोज सकाळी मला फुलाचं चित्र पाठवते, त्यातलंच एक समजून मी सवयीनं ओके करून मोकळा. तिकडे पोरीला आनंदानं रडू आलं, तिनं आईला कळवलं, आईनं मोताळ्याला, आणि पाहुण्यांचा दिवस घरच्या ग्रुपवर ठरला. त्यावरही माझा ओके. सिंधूनं माझ्याजवळ विषय काढला नाही, कारण शांत बसलेल्या बैलाला पराणी लावू नये असं तिचं मत आहे. मी मात्र पंधरा दिवस विचार करत होतो, की आजकाल माझ्या भातावर न मागता एवढं तूप कसं पडतं.

मी शिडीवरून उतरत होतो तेव्हा माझ्या प्रश्नावरून ताडून सिंधू खालून सगळ्यांना सांगत सुटली, की या माणसानं न वाचताच ओके केलं! नऊच्या नऊ पाहुणे हसायला लागले, गल्ली हसायला लागली, मनकर्णाबाईसुद्धा हसल्या (म्हशीनंतर पहिल्यांदाच). पंजाबराव शिडी धरून उभा. म्हणाला, "सावकाश उतरा, याही. अजून लगन व्हायचं हाय." चौदा वर्षांनी कानावर पडलेलं त्याचं पहिलं वाक्य, आणि त्यात मी थेट व्याही. दारात समता उभी होती. एकटी तीच हसत नव्हती. माझ्या अंगावर शेवाळ, हातात खराटा, आणि मी म्हणालो, "या, बसा." दुसरं काय म्हणणार?

मग मी रोडगे केले. सिंधूनं वरणभाताची तयारी ठेवली होती, पण मीच हट्ट धरला. अंगणात जगरा पेटवला तर पंजाबराव शेजारी येऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, आच जास्त झाली. मी म्हटलं, बरोबर आहे. तो म्हणाला, नाही. अर्धा तास आम्ही गोवऱ्या पुढे-मागे सारत भांडलो आणि खरं सांगतो, इतकं बरं मला रिटायर झाल्यापासून वाटलं नव्हतं. पान वाढलं. त्यानं दोन रोडगे चुरून खाल्ले, भाजी परत मागितली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "प्रेमानंदभाऊ, एक सांगतो. त्या लग्नात मी शेवटच्या पंगतीत बसलो. माया पानावर वांगं आलंच नाही. सरलं होतं. वाढणारा नुसतं वरण वाढून गेला. अन् तुमी चार लोकायसमोर इचारलं भाजी कशी झाली. मांडवात यजमानाले कोनी सांगते का, का भाजी पुरली नाही म्हणून? मी म्हणलं, ओके."

कलीमभाई, मी चौदा वर्षं ज्या जिभेवर रागावलो होतो तिला माझी भाजी लागलीच नव्हती. त्यानं माझी अब्रू झाकली आणि मी त्याचं तोंड पाहिलं नाही. मग मीच विचारलं, आजची कशी झाली? तो म्हणाला, "तिखट जास्त झालं, वांगं अजून शिजाले पायजे होतं. वाढा अजून." मी उठून त्याला मिठी मारली. त्याचा शर्ट भाजीनं भरला.

लग्न एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी, इथल्या विहारात. तुम्ही दोघांनी चार दिवस आधीच यायचं आहे. भाभींना सलाम, गुडघ्यांना तीळतेल.

तुझा,
प्रेमानंद

ता. क. : मला कोट शिवायचा आहे, आणि तो तूच शिवायचा. जुनं माप तुझ्या वहीत असेल. पोट तेवढं दोन बोटं वाढव. (सिंधू म्हणते चार. तिचं धर.)

आणखी एक ता. क. : वर एक गोष्ट मी खोटी लिहिली आहे. घरचा ग्रुप मी वाचला नव्हता हे खरं, पाहुणे येणार हे मला ठाऊक नव्हतं. पण समताचा मेसेज मी वाचला होता. बंद पडलेल्या तुझ्या दुकानाच्या ओट्यावर बसून, निदान दहा वेळा. तिनं लिहिलं होतं, की तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा कधी विचारणार नाही, आणि तुमच्यावर रागावणारही नाही. मी उत्तर लिहायला बसलो. खूप लिहिलं. मुलगा चांगला असेल, तू निवडलास म्हणजे असणारच, असं लिहिलं आणि पुसलं. लहानपणी तुला सायकलच्या दांडीवर बसवून टपाल वाटायचो, तेही लिहिलं आणि पुसलं. गावभर लोकांची पत्रं वाचून दाखवली, पण स्वतःच्या पोरीला चार ओळी लिहायच्या तर हात चालेना. शेवटी ओके, एवढंच लिहिलं. रविवारी सगळे हसले तेव्हा मीही हसून घेतलं, कारण वाचून होकार दिला म्हटलं असतं तर पंजाबरावला कळलं असतं, की मी आधीच नमलो होतो. सोमवारी बसमध्ये चढताना समतानं हळूच विचारलं, "बाबा, तुमी खरंच नव्हतं वाचलं?" आणि मी म्हणालो, गाडी सुटेल. पोरीला वाटतं आहे, की बाबांनी चुकून दिलेला शब्द केवळ इज्जतीपायी पाळला. तेव्हापासून तिची सकाळची फुलं बंद आहेत. येत्या शुक्रवारी ती ब्लाऊजचं कापड घेऊन तुझ्याकडे येणार आहे. कलीमभाई, तिला ओट्यावर बसव आणि हा ता. क. मोठ्यानं वाचून दाखव. मग मला काय झालं ते कळव. फोनवर लिहिलंस तरी चालेल. मी वाचीन.