उलट्या पायडलची सायकल कोणालाही मिळणार नाही

मी, सुप्रभा मोरेश्वर खरे, वय चौऱ्याहत्तर, राहणार ग्योतोकु, जपान, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझी मुलगी निशिगंधा तो खोटा ठरवायला कोर्टात जाईल. तिने जरूर जावे. मग माझ्या सायकलच्या कॅरियरवर बसून ती स्वतः कोणत्या शतकात गेली होती, हेही तिला शपथेवर सांगावे लागेल.

एक. हे मृत्युपत्र करण्याचे कारण असे, की माझ्यामागे हे घर विकून माझ्या बारा वर्षांच्या नातीला, नैनाला, युरोपातल्या बॅलेच्या निवासी शाळेत टाकायचे निशिगंधाने ठरवले आहे. मी शेजारच्या खोलीत खोकत असताना तिने घराचे फोटो काढून दलालाला पाठवले. तिला या घरातली एक वीटही मिळू नये.

दोन. मोरेश्वरांची बँकेने इथे बदली केली तेव्हा मी चाळिशीला आले होते. हौसेने स्टेशनजवळच्या बॅलेच्या वर्गात नाव घालायला गेले. सेन्सेईंनी, म्हणजे तिथल्या शिक्षिकाबाईंनी, माझी पावले न्याहाळली आणि गोड हसून म्हणाल्या, “खरे-सान, फुलं मांडायचा वर्ग तुम्हाला जास्त शोभेल.” मी संतापले. घरी जाताना एदोगावा नदीच्या बांधावर रागाने पायडल उलटे मारत सुटले. इतरांची सायकल त्याने हलत नाही. माझी मागे गेली, आणि थेट फ्रान्सच्या दरबारात थांबली. असे का, ते सायकल दुरुस्त करणाऱ्यालाही सांगता आले नाही.

दरबारात उंच टाचांचे बूट घातलेले पोटसुटे सरदार राजामागे पावले टाकत होते. त्यांची पावले बघून माझा जीव भांड्यात पडला. नंतरच्या खेपांना पाहिले, की टाचा गेल्या, बायका आल्या, झगे आखूड झाले आणि पुढच्या रांगेत दुर्बिणी घेऊन म्हातारे बसू लागले. पॅरिसला नाच शिकणाऱ्या उपाशी पोरींना उंदीर म्हणत. मी त्यांना शंकरपाळे वाटले. एकीने नखाएवढे कुरतडले आणि उरलेले परत दिले. दुसऱ्या दिवशी झग्याचे माप होते म्हणे.

सदर सेन्सेई अजून हयात आहेत. त्यांना मी माझ्या वापरलेल्या चपलांचा जोड देते. त्यांनी तो सावकाश न्याहाळावा.

तीन. जावई केन याला आरामखुर्ची. घरात कितीही आग लागली तरी तो “सो देसु ने”, म्हणजे ‘हो ना’, म्हणून मान डोलावतो आणि बसून राहतो. नीट बसता तरी यावे.

चार. निशिगंधाला स्वयंपाकघरातला वजनकाटा, ज्यावर ती नैनाचा भात तोलते. पोरीने ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, मागितली तर अर्धी देते आणि अर्धी तिच्यासमोर स्वतः खाते. मी एकदा बोलले तेव्हा म्हणाली, “आई, तू लाड करून माझं वाटोळं केलंस, आता हिचं नको करूस.”

म्हणून तिला धडा मिळावा यासाठी मी तिला मागे बसवले. इथे सायकलवर डबलसीट चालत नाही, म्हणून नदीकाठच्या पोलिसाने दोघींना खाली उतरवून समज दिली. तो वळल्यावर आम्ही पॅरिसला गेलो. रंगीत तालीम चालू होती. तेव्हा गॅसचे दिवे असत. एका नाचणारीचा झगा ज्योतीला लागला आणि ती पेटली. पेटलेली रंगमंचावर धावत राहिली. झग्याला तुरटीचे पाणी दिले असते तर वाचली असती. पण त्याने कापड कडक होते, पिवळट दिसते, म्हणून तिनेच ते नाकारले होते. मी निशिगंधाकडे पाहिले. ती म्हणाली, “बरोबरच केलं तिने. कडक झगा स्टेजवर काय दिसणार?” मला माझ्या पोटच्या पोरीची किळस आली. ती अजून गेलेली नाही.

पाच. सायकल. गेल्या शरदात, निशिगंधाला न सांगता, मी नैनाला तीच तालीम दाखवली. तिने घाबरावे, रडावे, बॅलेचे नाव टाकावे, एवढाच हेतू होता. पोर टक लावून बघत राहिली. मग जपानीत म्हणाली, “आजी, ती पेटायच्या आधीचं पुन्हा एकदा बघू या ना.” परतताना ती कॅरियरवर पायाची बोटे ताणत बसली होती. नंतर तिने सायकल मागितली. म्हणून ती मोठ्या कचऱ्याच्या गाडीत जावी. त्यासाठी पालिकेचे पैसे भरून घ्यायचे तिकीट मी तिच्यावर आधीच चिकटवले आहे.

सहा. त्यानंतर एकदाच, परतताना न थांबता पायडल सुलटे मारत राहून, मी पुढच्या काळात गेले. नैना चाळिशीची होती, वर्ग घेत होती. हातात काठी. भिंतीलगतच्या सरावाच्या दांडीला धरून एक सात-आठ वर्षांची मुलगी एका पायावर उभी होती, आणि नैनाने काठी तिच्या गुडघ्यावर टेकवली होती. त्या मुलीची हनुवटी थेट मोरेश्वरांची. म्हणजे मी काहीही केले तरी नैना नाचणारच. तिला मी काही देत नाही. तिने आपल्या आईकडून मागावे.

सात. हे घर व बँकेतील शिल्लक मी त्या मुलीला देते. तोवर वकील अंबरीष यांनी सांभाळावे, आणि त्यांच्यानंतर त्यांनी नेमलेल्याने. ज्या दिवशी ती वर्ग सोडून निघेल त्या दिवशी तिला किल्ली मिळावी. निशिगंधा आणि नैना यांना उंबऱ्याच्या आत घेऊ नये. दोघी दारात रडल्या तरी नाही.

अंबरीष म्हणाले, “काकू, जन्मच न झालेल्या मुलीला घर द्यायचं तर निदान नाव तरी लिहा.” मी नाव विचारले होते. नैनाची पाठ वळलेली पाहून दारातून हळूच विचारले. मुलीने मान वळवली नाही, पाय खाली टेकवला नाही. ओठ जेमतेम हलवून म्हणाली, “आत्ता नाही सांगता येत. आई मोजतेय.”

म्हणून नावाची जागा कोरी ठेवली आहे. ती कोणीही भरू नये. तिने स्वतः येऊन भरावी.

सही: सुप्रभा मोरेश्वर खरे

आमच्या डोळ्यांदेखत सही केली, हात कापत नव्हता:
१. सुनीता कोलटकर, शेजारीण
२. विवेक राजाध्यक्ष, मोरेश्वरांचे बँकेतील सहकारी

ग्योतोकु, ९ नोव्हेंबर २०२५